हौशे, नवशे, गवशे आणि आमचे अण्णा

आमच्या बँकेच्या नाट्यशाखेला यंदाच्या एकांकिका स्पर्धेत एकही बक्षीस मिळालं नाही. (ही शाखा बँकेच्या शाखांच्या यादीत सापडायची नाही. हिच्यात ठेवी नाहीत, नुसती कर्जंच आहेत.) बक्षीस न मिळण्याची आम्हांला सवय आहे. गेली कित्येक वर्षं आम्ही टाळ्या वाजवायलाच बक्षीस-समारंभाला जातो आणि त्या कामात आता आमचा हात कुणी धरणार नाही. तेव्हा तक्रार बक्षिसाची नाही. तक्रार एका शब्दाची आहे.

झालं असं की निकाल जाहीर करण्यापूर्वी तिघांपैकी मधल्या परीक्षकांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि प्रत्येक प्रयोगावर दोन-दोन वाक्यं बोलायला सुरुवात केली. आमचं नाव आल्यावर ते म्हणाले, ‘‘हा प्रयोग जरा हौशीच वाटला. आपण ज्याला अमॅच्युअरिश म्हणतो ना, तसा.’’ आता गंमत बघा. ते हे बोलत होते तेव्हा त्यांच्या डोक्यावर पंधरा फुटी कापडी फलक होता आणि त्यावर वीतभर अक्षरांत लिहिलं होतं : ‘हौशी एकांकिका स्पर्धा’! हौशी स्पर्धेतला प्रयोग हौशी वाटला ही तक्रार म्हणजे रसवंतीगृहात ग्लासभर रस पिऊन ‘जरा गोडच वाटला’ म्हणण्यातला प्रकार झाला.

मी ते हसण्यावारी नेलं. अण्णांनी नेलं नाही.

अण्णा आमचे हेडकॅशियर. वय वर्षं सत्तावन्न. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोनदा प्रमोशन नाकारलं. दोन्ही वेळेला साहेबांनी कारण विचारलं आणि दोन्ही वेळेला अण्णांनी ‘घरगुती अडचण’ असं लिहून दिलं. खरं कारण अख्ख्या शाखेला ठाऊक होतं. प्रमोशन म्हणजे बदली, बदली म्हणजे परगाव आणि परगाव म्हणजे तालमीला रामराम. बरं, एवढा त्याग करून हा गृहस्थ काही नायकाच्या भूमिका करतो म्हणावं, तर तेही नाही. यंदाच्या एकांकिकेत अण्णा हवालदार होते. शेवटच्या प्रवेशात यायचं, दोन वाक्यं बोलायची आणि खुन्याला घेऊन जायचं. त्या दोन वाक्यांसाठी अण्णा पावणेदोन महिने कॅश टॅली झाल्या झाल्या डबा उचलून तालमीच्या जागी हजर होत असत.

आणि प्रयोगाच्या दिवशी नेपथ्यातलं दार अडकलं. अण्णांनी बाहेरून तीनदा ढकललं, संबंध भिंत हलली, वरचं घड्याळ खाली आलं, पण दार उघडेना. अखेर मुंबई पोलिसांचा तो हवालदार खिडकीतून आत आला. प्रेक्षागृह इतकं हसलं की अण्णांची दोन्ही वाक्यं त्यात बुडाली. पावणेदोन महिन्यांचं काम पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचलं नाही.

निकालानंतर चहाच्या टपरीवर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, ‘‘बीकॉम, पुढच्या वर्षापासून मला धरू नका. एकतीस वर्षं केलं आणि शेवटी काय, तर हौशी!’’

(ते मला ‘बीकॉम’ म्हणतात. मी लागलो तेव्हा शाखेत ह्याच पदवीचे अकराजण होते. पण नाव माझ्यालाच चिकटलं.)

आता माणूस दुखावला की त्याला दोन गोष्टी सांगता येतात. एक, ‘जाऊ द्या हो, मनावर घेऊ नका.’ ही मी सांगितली. उपयोग झाला नाही. दुसरी म्हणजे ज्या शब्दानं तो दुखावला त्या शब्दाचं खातं उघडून आत काय जमा आहे, काय नावे आहे ते त्याला दाखवायचं. कॉमर्सच्या पदवीधराला जमण्यासारखं हेच एक काम होतं. म्हणून पुढचे दोन रविवार मी ग्रंथालयात घालवले. ‘रविवारी नळ दुरुस्त करायला वेळ नसतो तो हा!’ ही सौभाग्यवतींची नोंद मी सस्पेन्स खात्यात टाकली.

सुरुवात अर्थात मोल्सवर्थपासून. हा मोल्सवर्थ मुळात कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. कवायत करायची सोडून त्याला मराठी शब्द गोळा करायचा नाद लागला आणि त्या नादातून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला. १८५७ साली, म्हणजे फौजेतल्या लोकांना शब्दांपेक्षा पुष्कळ निकडीचे उद्योग असताना, त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ती अजून वापरात आहे. म्हणजे मराठी शब्दांचा सगळ्यांत नावाजलेला कोश करणारा मनुष्य पेशानं शिपाईगडी होता. ही पहिली जमा मी अण्णांच्या नावावर टाकली आणि पुढे सरकलो.

हौस हा शब्द आपला नव्हे. म्हणजे आता आपलाच. पण जन्म परक्या घरचा. मूळ शब्द अरबी, ‘हवस’. अरबीत त्याचा अर्थ खूळ, वेड, डोकं फिरणं. तिथून तो फारसीत आला आणि इच्छा, लहर, वासना असा जरा सुधारला. मग बहामनी, निजामशाही, आदिलशाही अशा दरबारांतून फारसी दख्खनेत मुरली आणि तिच्याबरोबर शेकडो शब्द मराठीत आले. त्यांतले काही बघा : हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, दफ्तर आणि कारकून. सगळे अरबी-फारसी! शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंत्यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करून राज्यकारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण हिशेब आणि बाकी ह्या जोडीला कोणी हलवू शकलं नाही. बाकी ही गोष्टच तशी चिवट असते. सांगायचा मुद्दा हा, की ज्या काफिल्यातून हिशेब आला, जमाखर्च आला, खुद्द कारकून आला, त्याच काफिल्यातून हौसही आली. कारकून आणि हौस एकमेकांना पहिल्यापासून ओळखतात. नाटकाचं वेड बँकेत कुठून शिरलं म्हणून वरचे साहेब उगाच आश्चर्य करतात.

पुढची गोष्ट मला सर्वांत आवडली. हाच ‘हवस’ हिंदीतही गेला. तिथे त्याचं काय झालं ते सांगायला नको. हिंदी सिनेमात तो शब्द खलनायकाच्या खात्यावर पडलेला असतो आणि तो उच्चारला जाताना पाठीमागे वीज कडाडते. मराठीत मात्र त्याच शब्दाला काय वळण लागलं! आपण लेकराची हौस पुरवतो, सुनेची हौसमौज करतो, डोहाळजेवण हौसेनं घालतो. मुलीचं नाव हौसाबाई ठेवतो. एकाच घरातले दोन भाऊ, पण एक दरोड्यात सापडला आणि दुसरा देवळात कीर्तनाची सतरंजी अंथरतोय, तसं. अरबीतलं वेड आणि हिंदीतली वासना धुऊन काढून मराठीनं त्या शब्दात फक्त ओढ ठेवली. आपल्या भाषेनं जी चांगली कामं केली आणि कुणाला सांगितली नाहीत, त्यांपैकी हे एक.

ह्या हौसेला मराठीनं एका ठिकाणी अगदी हुद्दासुद्धा देऊन टाकला आहे. जत्रेला जाणारे लोक तीन प्रकारचे, असं जुनी माणसं सांगत : हौशे, नवशे आणि गवशे. नवशे म्हणजे नवस फेडायला आलेले. त्यांचा देवाशी व्यवहार ठरलेला असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मुदत भरली, काम झालं, आता परतफेड. गवशे म्हणजे काही गवसतं का ते बघायला आलेले. कुणाचा खिसा, कुणाची पिशवी, कुणाची चप्पल. आणि हौशे? त्यांना देवाकडून काही नको असतं आणि दुसऱ्याच्या खिशातलंही काही नको असतं. ते पाळण्यात बसतात, पिपाणी विकत घेतात, भजी खातात, पालखीला खांदा देतात आणि धुळीनं माखून घरी येतात. जत्रा भरते ती मात्र त्यांच्यामुळे. नुसत्या नवश्यांनी भरली तर ती वसुलीची रांग होईल आणि नुसत्या गवश्यांनी भरली तर... जाऊ द्या, त्याला दुसरी नावं आहेत.

जाता जाता गवश्यांबद्दलही एक शब्द. ‘गवसणे’च्या मागे उभं आहे संस्कृतातलं ‘गवेषण’, म्हणजे मुळात गाय शोधणं. गाईवरून अर्थ वाढत वाढत कुठलाही शोध असा झाला. हिंदी आणि बंगालीत संशोधनाला आजही गवेषणा म्हणतात. म्हणजे तिकडचा विद्यापीठातला संशोधक आणि इकडचा जत्रेतला खिसेकापू ही सख्खी भावंडं. दुसऱ्याच्या पुस्तकातली पानं कापून आपल्या प्रबंधात चिकटवणारे काहीजण हे नातं इमानानं टिकवून आहेत, हे मी नम्रपणे नमूद करतो.

हौशीचा निकाल तर लागला. राहिला परीक्षकांचा दुसरा शब्द, अमॅच्युअर. त्याचं मूळ लॅटिनमध्ये. ‘अमारे’ म्हणजे प्रेम करणे आणि ‘अमातोर’ म्हणजे प्रेम करणारा, प्रियकर. तिथून फ्रेंच, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी. परीक्षकांनी भर सभेत अण्णांना प्रियकर म्हटलं होतं! सत्तावन्नाव्या वर्षी हे काही लहानसहान प्रशस्तिपत्रक नव्हे.

पण ह्या प्रियकराची इंग्रजांच्या देशात पुढे जी कथा झाली ती वाचताना मात्र हसू हळूहळू कमी होत गेलं.

तिथे अमॅच्युअर म्हणजे कच्चा असा अर्थ सुरुवातीला नव्हताच. उलट अमॅच्युअर हा वरचा आणि पैसे घेऊन खेळणारा तो खालचा. क्रिकेटमध्ये १८०६ पासून १९६२ पर्यंत ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’ असा सामना होत असे. जंटलमेन म्हणजे हौशी, प्लेअर्स म्हणजे पगारी. पोशाख बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. धावफलकाच्या छापील कार्डावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची आडनावानंतर. एकदा लॉर्ड्‌सवर टिटमस नावाच्या पगारी खेळाडूची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून ही चूक रीतसर दुरुस्त करण्यात आली. आमच्या बँकेत शून्य चुकलं तरी एवढा गाजावाजा होत नाही.

बरं, हे हौशी लोक खरोखर फुकट खेळत होते का? डब्ल्यू. जी. ग्रेस हा त्यातला सगळ्यांत थोर हौशी. १८७३-७४ साली तो संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा त्याला १५०० पौंड आणि वर खर्च मिळाला. बरोबरच्या पगारी खेळाडूंना प्रत्येकी १५० पौंड आणि २० पौंड हातखर्च. म्हणजे जो दसपट पैसे घेतो तो हौशी आणि उरलेले धंदेवाईक! ग्रेस त्या वेळी नवी नवरी बरोबर घेऊन गेला होता, म्हणजे मधुचंद्रही त्याच खात्यात. ह्याला इंग्रज हौस म्हणत. आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी दुसरा शब्द वापरला असता.

नौकानयनात तर ह्याच्याही पुढची पायरी. हेन्ली इथल्या शर्यतीच्या चालकांनी १८७९ साली हौशी कोण ह्याची व्याख्या केली. तीत पैशासाठी वल्हवणारे वगळले, हे ठीकच होतं; पण रोजीवर काम करणारे कारागीर, यंत्रकामगार आणि मजूरही वगळले. का, तर ज्याचे दंड कामानं कमावलेले, त्याला हौस असूच शकत नाही! १९२० साली फिलाडेल्फियाचा जॉन केली हा एकेकाळी गवंडीकाम केलेला वल्हवय्या तिथे उतरायला निघाला, तर त्याचा अर्ज नामंजूर झाला. त्याच्या क्लबावर त्यांचा आधीपासून राग होता हे खरं, पण त्याच्या हातांना चुना लागला होता हेही त्यांना ठाऊक होतं. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीनं अंतिम शर्यतीत इंग्लंडच्या बेरेसफर्डला हरवून सुवर्णपदक घेतलं. हेन्लीचा मजुरांवरचा तो नियम १९३७ साली गेला. १९४७ साली केलीच्या मुलानं हेन्लीचीच शर्यत जिंकली. (मुलगी सिनेमात गेली आणि पुढे मोनॅकोची राणीसाहेब झाली. तिचं नाव ग्रेस. क्रिकेटवाल्या ग्रेसशी संबंध नाही.)

अमेरिकेचा जिम थॉर्प ह्यानं १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली. पूर्वी कधी तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता, असं उघडकीला आलं आणि १९१३ साली पदकं काढून घेतली. तो १९५३ साली वारला. १९८२ साली त्याला ‘संयुक्त विजेता’ म्हणून मानलं आणि एकट्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडलं. एकशे नऊ वर्षं! एवढी जुनी नोंद आमच्या सस्पेन्स खात्यातसुद्धा सापडणार नाही.

आपण हे वाचून इंग्रजांना नावं ठेवायला मोकळे, असं मला क्षणभर वाटलं. पण पुण्यातच पाळवणकर बाळू उभे होते. चांभार समाजातला हा मुलगा गोऱ्यांच्या जिमखान्यात पगारावर मैदान राखत होता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत होता. हौशी साहेब तासन्‌तास फलंदाजी करत आणि पगारी बाळू तासन्‌तास गोलंदाजी. पुढे हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीवाचून चालेना म्हणून त्यांना घेतलं. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर ह्या माणसानं शंभराच्या वर बळी घेतले. पण चहापानाच्या वेळी त्यांना वेगळ्या जागी, वेगळ्या कपात चहा मिळे, आणि संघाचं नेतृत्व कधीच मिळालं नाही. तिकडे आद्याक्षरं आधी की नंतर एवढाच प्रश्न होता, इकडे कपही वेगळा. खेळावर प्रेम कोणाचं किती होतं, हे कोणी विचारलं नाही.

तर असा हा शब्द. आधी प्रियकर, मग मोठ्या घरचा प्रियकर आणि पैसेवाल्यांची ती मिजास संपली तशी त्या शब्दाची किंमतही उतरली. आता नुसतं ‘कच्चा’. हौशीचंही आपल्याकडे तेच झालं. दोन्ही वेळेला चूक एकच. हौशी हा शब्द माणूस काम का करतो हे सांगायला निघालेला होता. लोकांनी आधी त्यावरून तो कोणाचा कोण हे ओळखायला सुरुवात केली आणि मग तो काम कसं करतो हे. ‘का’च्या जागी ‘कसं’ लिहिलं की खतावणी चुकणारच.

कारण ‘कसं’चा हिशेब करायचा तर आमच्या बाजूला मंडळी काही कमी नाहीत. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर महसूल कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं. त्याच्या तालमी काही कचेरीच्या वेळात झाल्या नसणार. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद वाचत. त्यातून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड निघाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही शिक्षकच. त्यांचं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ १८९६ साली प्रसिद्ध झालं, जे आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. जर्मनीहून येऊन इंग्लंडातल्या बाथ गावी ऑर्गन वाजवणाऱ्या हर्शेलनं १७८१ साली घरच्या बागेतून युरेनस शोधला. आणि मद्रासच्या पोर्ट ट्रस्टात महिना तीस रुपयांवर हिशेब तपासणाऱ्या एका कारकुनानं १९१३ साली केंब्रिजला गणिताचं एक पत्र पाठवलं. त्याचं नाव श्रीनिवास रामानुजन. पत्राच्या सुरुवातीलाच त्यानं आपण कारकून असल्याचं सांगून टाकलं होतं. वाचून माझी छाती दोन इंच फुगली. रामानुजनशी माझं गणितात काही नातं नाही, पण कॅडर एक आहे.

एवढं सगळं टिपून मी सोमवारी संध्याकाळी अण्णांना टपरीवर गाठलं आणि जमेची बाजू वाचून दाखवली. हवस, हौसाबाई, जत्रा, ग्रेस, केली, बाळू, किर्लोस्कर. अण्णांनी शांतपणे ऐकलं. नोटांचं बंडल मोजताना चेहरा असतो तसा चेहरा. शेवटी विचारलं, ‘‘झालं? आता मला एक सांग. दार अडकलं की नाही?’’

‘‘अडकलं.’’

‘‘तू दोन पानं गाळलीस की नाही?’’

ही गोष्ट मी वर सांगायची राहून गेली. मध्यावर मला ओळ आठवेना, म्हणून मी पुढची जी आठवली ती बोललो. त्यामुळे खून होण्याआधीच खुन्याचा शोध लागला.

‘‘गाळली.’’

‘‘मग परीक्षक काय चुकीचं बोलले? शब्द चुकला असेल त्यांचा. मार्क बरोबर आहेत.’’

मी निरुत्तर झालो. अण्णा पुढे म्हणाले, ‘‘आणि शब्द तरी त्यांनीच बिघडवला का रे? दरवर्षी पडदा उघडण्यापूर्वी आपण काय घोषणा करतो?’’

ती घोषणा मीच करतो. पाठ आहे. ‘रसिकहो, आम्ही सर्व हौशी कलाकार. चूकभूल द्यावी घ्यावी.’

इथे मात्र माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. चूकभूल द्यावी घ्यावी हे बिलाच्या तळाशी छापतात. सगळा हिशेब मांडून झाल्यावर. आम्ही ते पहिल्या ओळीत छापत होतो, हिशेब मांडायच्या आधीच! ‘हौशी’ ह्या शब्दाला ‘सांभाळून घ्या’ असा अर्थ परीक्षकांनी दिलेला नव्हता. तो आम्ही स्वतः, दरवर्षी, ध्वनिक्षेपकावरून, शुद्ध मराठीत जाहीर करत आलो होतो. प्रेमात आहे म्हणून पाठांतर नसलं तरी चालेल, असा प्रियकर कुठल्या मुलीनं पत्करला असता? ज्याला पगार मिळतो तो वाईट काम करून निदान ‘पोटासाठी करतो’ असं सांगू तरी शकतो. हौशाला ती सवड नाही. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. तो स्वतःहून आलेला असतो.

आपल्याकडे म्हण आहे, हौसेला मोल नसतं. तिचे अर्थ दोन निघतात. एक, हौस अमोल आहे. दुसरा, हौस फुकट आहे. मी व्हाउचरच्या पाठीवर अण्णांच्या हौसेचं मोल काढून बघितलं. दोनदा नाकारलेल्या प्रमोशनांमुळे गेलेला पगार, त्यावरचे भत्ते, आणि दोन वर्षांनी मिळणाऱ्या पेन्शनवर होणारा परिणाम. आकडा आला. तो इथे देत नाही, कारण हे पुस्तक अण्णांच्या घरी जाण्याचा संभव आहे आणि वहिनींना हिशेब चांगला येतो. एवढंच सांगतो, की तेवढ्यात एक बऱ्यापैकी फ्लॅट आला असता. अण्णांनी त्या रकमेत दोन वाक्यांचा हवालदार घेतला. आणि तो खिडकीतून आला.

मी तो कागद त्यांना दाखवला नाही. पण अण्णांची नजर हेडकॅशियरची. त्यांनी तो उलटा असतानाच वाचला, घडी करून खिशात घातला आणि चहाचे पैसे दिले. एकतीस वर्षांत हे मी दुसऱ्यांदा पाहिलं, असं शाखेतले जुने लोक म्हणतील. मी तर पहिल्यांदाच पाहिलं.

‘‘पुढच्या वर्षी,’’ ते म्हणाले, ‘‘ती घोषणा करायची नाही. नाटकाचं नाव सांगायचं आणि पडदा वर. दाराची बिजागरी मी आणीन. आणि तू पाठांतर कर. हौशे, नवशे झाले. तुला प्रॉम्प्टिंगला दिलेल्या त्या पोराला मात्र गवश्या म्हणायला हरकत नाही. सबंध वेळ तो हरवलेलं पान शोधत होता.’’

‘‘म्हणजे तुम्ही आहात?’’

‘‘दोन वाक्यं कोण बोलणार मग? तू?’’

परवा संध्याकाळी ते लाकडाच्या वखारीशेजारच्या दुकानात शिरताना दिसले. स्पर्धेला अजून नऊ महिने आहेत. रात्री तालमीच्या हॉलवर जरा दिवा दिसला म्हणून मी डोकावलो. रिकाम्या खुर्च्यांसमोर मागच्या वर्षीचं ते दार एकटंच उभं केलेलं होतं. अण्णा बाहेरून येत होते, दार लोटत होते, आत पाऊल टाकून आपली दोन वाक्यं बोलत होते आणि पुन्हा बाहेर जात होते. नाटक पुढच्या वर्षी दुसरंच असणार, हे त्यांना ठाऊक होतं. वाक्यं दोन्ही वेळेला स्वच्छ ऐकू आली. अगदी मागच्या रांगेपर्यंत, कारण मी तिथेच उभा होतो.